निर्माल्यात सापडलेलं आत्मचरित्र

ठाण्यात आलेली कितीतरी मोठी प्रकरणं आता नीट आठवत नाहीत. हे मात्र मनातून जात नाही. हल्ली तर सकाळी पेन उचललं की आधी तेच समोर उभं राहतं, कारण मी स्वतःच आता आपल्या आयुष्याचं पुस्तक लिहायला बसलो आहे. मी रावेरकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. उज्जैनला शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झालो. या शहरानं मला पोटाशी धरलं, पण मराठी लिहिताना अजून अडखळतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या बीटमध्ये माधव नगरचा काही भाग यायचा. एका दुपारी तिथले एक मराठी गृहस्थ आवेदन घेऊन ठाण्यात आले. बँकेतून निवृत्त झालेले. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना काका म्हणत.

"चोरी में क्या गया?" ठाणेदार साहेबांनी विचारलं.

"आत्मचरित्र."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ये क्या होता है?"

"खुद की लिखी जीवनी, सर."

"तो फिर से लिख लो काकाजी. जीवन तो आपका ही है!"

मुन्शी खो खो हसला. काका हसले नाहीत. बायको गेल्यापासून ते लिहीत होते, सगळं हातानं, दुसरी प्रत नाही. ते बाड फ्रीगंजच्या छापखान्यात द्यायचं ठरलं आणि नेमकं टेबलावरून नाहीसं झालं. त्यांचा चेहरा पाहून साहेबांनी आवेदन माझ्याकडे सरकवलं. मला म्हणाले, "तुम्हारी भाषा के हैं, तुम देखो."

काकांचा संशय शेजाऱ्यावर. भिंतीवरून जुनं भांडण, आणि ते पुस्तकात लिहिलेलं. मी शेजाऱ्याला बोलावलं. गडी आधी घाबरला, मग चिडला. "कितना लिखा है मेरे बारे में?"

"दो पन्ने."

"बस दो? जिंदगी भर का झगड़ा और दो पन्ने?"

चोर असा बोलत नाही. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

खबर घाटावरून आली. क्षिप्रेच्या काठी फुलं विकणारी अम्मा माझी जुनी मुखबिर. खिसेकापूंची माहिती द्यायची, त्या दिवशी भलतंच सांगितलं. "साहब, निर्माल्य कुंड के किनारे कोई पोथी रख गया है. छपी हुई नहीं, हाथ की लिखावट. मैंने उठा ली, गाय चबा जाती." भेरूगढच्या छापाच्या कापडात बांधलेलं ते काकांचंच बाड होतं. पान न् पान शाबूत. पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री' लिहिलेला, आणि त्याच्यावर हळदकुंकू वाहिलेलं.

मी तिथेच पायरीवर बसलो. दुश्मन असता तर त्यानं बाड जाळलं असतं किंवा रद्दीत घातलं असतं. श्री लिहिलेला कागद केरात टाकायचा नाही, तो नदीला द्यायचा, हे आपल्या घरातलं वळण. आणि इथे तर नदीलाही दिला नव्हता, काठावर ठेवला होता. ज्यानं कुणी नेलं त्याला ते नकोही होतं आणि टाकवतही नव्हतं. हे काम घरातलंच.

काकांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण. सगळे आक्का म्हणत. पांढरं पातळ, रिकामं कपाळ, कॉलनीत मोठा मान. मी गेलो तेव्हा काका फिरायला बाहेर पडले होते. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि एकच विचारलं, "आक्का, पाण्यात का नाही सोडलंत?"

आक्का कणीक मळत होत्या. हात थांबले नाहीत.

"सोडवेना हो. वर श्री, आणि खाली अक्षर त्याचं. मीच पाटीवर गिरवून घेतलं होतं."

"मग नेलंत कशाला?"

"त्यानं मोठ्या कौतुकानं मला वाचून दाखवलं. म्हणे, 'आक्कानं माझ्या शिक्षणापायी आपला संसार मोडला.' पोलीसदादा, इथं सगळे मला विधवा समजतात. मी नवऱ्याला सोडून आले, हे कुणाला ठाऊक नाही. या वयात ते छापून वाटणार? आणि तेही खोटं?"

"खोटं कसं?"

"मी मार खाऊन पळाले. माझ्यासाठी पळाले, त्याच्यासाठी नव्हे. त्याला शिकवलं ते नंतर."

मागे चपला वाजल्या. काका परत आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ओट्यावरचं गाठोडं उचललं. ठाण्यात येऊन लिहून दिलं, 'कागद घरातच होते, तक्रार नाही.' रोजनामच्यात नोंद झाली आणि प्रकरण मिटलं. साहेबांनी पाठ थोपटली. मीही खूश होतो.

पुढे पुस्तक निघालं. फ्रीगंजमधल्या एका लहानशा हॉलमध्ये मंडळी जमली आणि काकांनी आठवणीनं मलाही बोलावलं. आक्का पहिल्या रांगेत होत्या, नवं पातळ नेसून. भाषणं चालू असताना त्या भिंग धरून पानं उलटत होत्या. शेवटी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पोलीसदादा, तुम्ही शोधण्यात हुशार. यात मी कुठं सापडते का, बघा बरं."

मी शोधलं. लहानपण होतं, पाटी होती, गिरवलेलं अक्षर होतं. गिरवून घेणारं कुणी नव्हतं. काकांनी बहिणीची लाज राखायला तिला मुळापासून काढून टाकलं होतं. यात कुणाचीही वाईट नियत नव्हती, म्हणूनच कुणावर रागावता येत नाही. मी म्हणालो, "घरी जाऊन सावकाश बघतो, आक्का." त्या हसल्या. साक्षीदार कधी खोटं बोलतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यानंतर वर्षभरातच त्या गेल्या.

ठाण्यात आम्ही फिर्याद लिहिली की ती वाचून दाखवत असू, मान्य असेल तरच सही. आयुष्याच्या पुस्तकातल्या माणसांना तेवढाही हक्क मिळत नाही. काकांनी आक्कांना आधी वाचून दाखवलं, पण विचारलं नाही. नंतर तर वाचूनही दाखवलं नाही.

माझ्या पुस्तकात माझी वहिनी आहे. शाळा कायमची सुटल्यावर वडिलांच्या माराच्या भीतीनं मी कोपऱ्यात बसलेला असायचो. तिनंच मला भाकरी बांधून देऊन आपल्या भावाकडे उज्जैनला पाठवलं, आणि 'माझ्याशी भांडून गेला' असं घरात सांगितलं. गावात अजून तिलाच बोल लावतात, दिराला हाकललं म्हणून. ती दोन पानं मी लिहून ठेवली आणि परवा तिला फोन लावला. सगळं वाचून दाखवलं.



"वहिनी, काढून टाकू का?"

"काढता कशाला, भाऊजी? पण कोरडी भाकरी काय लिहिली? ठेचा दिला होता मी सोबत."

ठेचा घातला आहे. तेवढी एक ओळ लिहिताना आक्का फार आठवल्या.