तुझा कॅनन, माझा निकॉन

"तुझा कॅनन नवरीला गोरी करतो, सुम्या, माझा निकॉन तिला तिच्या आईच्या वळणावर ठेवतो," शेषगिरी एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा त्याच्या हातात गिरमिटाचा, हुबळीच्या मसालेदार चुरमुऱ्यांचा, कागद होता, मिशीला चुरमुऱ्याचा एक दाणा चिकटला होता, आणि सुमंत त्या दाण्याकडे बघून हसत होता. वाक्य लक्षात आलं ते मागाहून. आता मिशी पांढरी झाली आहे, गिरमिट डॉक्टरांनी बंद केलं आहे. पण देशपांडे नगरातल्या घरी एखादा जुना अल्बम उघडला की सुमंतला ते वाक्य शेषगिरीच्याच आवाजात ऐकू येतं.

शेषगिरी नरगुंदकर हा धारवाडच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या मास्तरांचा मुलगा. त्यानं वकील व्हावं अशी मास्तरांची इच्छा. दोन वर्षं तो कायद्याच्या वर्गात बसला आणि तिसऱ्या वर्षी हुबळीला येऊन एका डार्करूममध्ये उभा राहिला. तिथं सुमंत भेटला. पुढं दोघांनी मिळून कोप्पीकर रोडला, कापडाच्या दुकानाच्या माडीवर 'प्रतिमा स्टुडिओ' काढला. तेव्हा फिल्म होती. दोघांत मिळून एक कॅमेरा आणि तीन भिंगं. एकानं लग्न टिपायचं, दुसऱ्यानं फ्लॅश धरायचा, रोल भरून द्यायचा. पुढच्या लग्नात कामं उलटी. अल्बमातला कुठला फोटो कुणाचा, हे महिन्याभरानं दोघांनाही सांगता यायचं नाही. सांगायला कुणी विचारायचंही नाही. सुमंतच्या मते ते दिवस सगळ्यांत सुखाचे होते, पण हे त्याला फार उशिरा कळलं.

दोन हजार पाचच्या सुमारास डिजिटल आलं आणि एका माडीवर दोन घरं झाली. शेषगिरी बेंगळुरूहून निकॉन घेऊन आला. सुमंतनं पुण्याच्या मेहुण्याकडून कॅनन मागवला. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. दोघांनाही दुसऱ्याला चकित करायचं होतं. खोकी एकाच आठवड्यात उघडली. शेषगिरीनं आपलं भिंग काढून सुमंतच्या कॅमेऱ्याला लावून पाहिलं. बसेना. उलटं फिरवून पाहिलं. तरी बसेना.

"जुळत नाही की रे," तो म्हणाला.

"कसं जुळणार? दोघं जपानचे," सुमंत म्हणाला. "सगोत्र."

दोघं खूप हसले. पण त्या दिवसापासून एकाचं भिंग दुसऱ्याच्या उपयोगाचं राहिलं नाही.

मग सुरू झाला तो वाद पंधरा-सोळा वर्षं पुरला. नवं मॉडेल आलं की सकाळी दोघं स्कूटरवरून उणकलच्या तळ्यावर जायचे, एकाच जागी उभे राहायचे, एकच झाड, एकच पाणी, एकच धोबी टिपायचे आणि लॅबमधून मोठे प्रिंट काढून माडीच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावायचे. कॅननचा लाल बघण्यासारखा. इरकलीचा पदर पेटल्यासारखा यायचा. निकॉनचा हिरवा खरा. पंगतीतलं केळीचं पान नुकतं धुतल्यासारखं दिसायचं. कार्यालयातल्या पिवळ्या हॅलोजनखाली कॅनन माणसांना माया लावायचा, निकॉन त्यांना घामासकट उभं करायचा. शेषगिरी म्हणायचा, माझ्या कॅमेऱ्यातला काळोख खोल आहे, त्यात हात घालून माणूस वर काढता येतो. सुमंत म्हणायचा, लोक लग्नात काळोख बघायला येत नाहीत.

एकदा निवाडा करायला त्यांनी अंबूताईंना बोलावलं. स्टुडिओमागच्या बोळात त्यांची खानावळ होती. त्यांचेच दोन फोटो, दोन कॅमेऱ्यांचे, नाव न लिहिता भिंतीवर लावले होते. अंबूताई पदराला हात पुसत आल्या आणि कॅननच्या फोटोपुढं उभ्या राहिल्या.

"ही कोण बाई?"

"तुम्हीच की."

"अय्य! ही माझी धाकटी बहीण असेल, गदगची. तिला घरात काही काम नसतं." मग त्या निकॉनकडे वळल्या. "ही मी. ही चुलीपुढची."

"मग चांगला कुठला ते सांगा," सुमंत म्हणाला.

"हा माझ्या घरात लाव. तो खानावळीच्या पाटीवर लाव. गिऱ्हाईक यायला नको होय?"

निकाल लागला नाही. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत राहिलं.

शेषगिरीचं खरं काम अंतरपाटाचं. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून मंगलाष्टकं मराठीत म्हणतात, मागं बायका कन्नडमध्ये कुजबुजतात, आणि अंतरपाट सरकला की अक्षतांच्या माऱ्यात नवरानवरी एकमेकांच्या डोक्यावर गूळ-जिरं ठेवतात. हे सगळं दोन श्वासांत आटोपतं. बाकीचे फोटोग्राफर लांब उभे राहून सगळा देखावा एकदम धरतात. शेषगिरी डाव्या अंगाला स्टीलच्या स्टुलावर चढायचा, झूम पुढं नेऊन पडद्यावरून दिसणारे नवरीचे डोळे धरून ठेवायचा, आणि पडदा हलला की डाव्या हाताच्या एका झटक्यात झूमची कडी फिरवून चौकट रुंद करायचा. डोळे, आणि मग सगळं जग. एकाच माणसाचे लागोपाठचे दोन फोटो. हे गावात दुसऱ्या कुणाला जमत नसे. सुमंतलाही नाही. निकॉनची कडी ज्या बाजूला फिरते त्याच्या बरोबर उलट कॅननची फिरते, म्हणून तर शेषगिरीनं सुमंतच्या कॅमेऱ्यानं कधी लग्न टिपलं नव्हतं.

गेल्या वर्षी सुमंतच्या मुलीचं, वेदश्रीचं लग्न ठरलं. तिनं वडिलांना एकच गोष्ट सांगून ठेवली: अंतरपाट शेषूकाकांनीच घ्यायचा. तिच्या बारशापासूनचे फोटो त्यांचेच. शेषगिरी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. मोठी कामं त्यानं सोडली होती. स्टुडिओत नवी माणसं आली होती आणि सगळी कॅननवाली होती. सुमंत उणकलला त्याच्या घरी गेला.

"शेषू, एक मागू?"

"मुलगी तुझी, मांडव तुझा. मागणार तूच. माग."

"त्या दिवशी कॅननवर घे."

शेषगिरीनं चहाची बशी खाली ठेवली. "का बा? निकॉनचा विटाळ होतो कार्यालयाला?"

"तसं नव्हे रे. बाकी दोघं टिपणार त्यांच्याकडं कॅनन आहेत. अल्बम एक. मधेच तुझं पान आलं की वेदूचा रंग बदलणार."

"तू मागाहून जुळवतोसच की. इतकी वर्षं माझ्या नवऱ्या गुपचूप गोऱ्या करत आलायस, मला काय ठाऊक नाही होय?"

ते खरंच होतं.

"म्हणजे उतारवयात मला दत्तक घेतोस," शेषगिरी म्हणाला आणि स्वतःच हसला. "होगली बिडु, जाऊ दे. आण तुझा कॅनन. लेकीसाठी."

लग्नाआधी आठ दिवस तो रोज तळ्यावर जाऊन बसायचा. सुमंतनं एकदा लांबून पाहिलं. कॅमेरा डोळ्याला नव्हता, मांडीवर होता. शेषगिरी पाण्याकडे बघत होता आणि डावा हात कडी फिरवत होता. पुढं, मागं. पुढं, मागं. जप करणाऱ्याला हाक मारू नये तसा सुमंत मागल्या मागं परतला. जाताना त्याच्या मनात आलं की सांगावं, राहू दे, तुझाच आण. पण अल्बम छापायला द्यायचा होता, रंग जुळायला हवे होते, आणि हजार कामं पडली होती.

लग्नाच्या दिवशी सुमंत आयुष्यात पहिल्यांदा मांडवात रिकाम्या हातानं उभा होता. मंगलाष्टकं संपत आली. स्टुलावर शेषगिरी, डोळ्याला कॅमेरा. लेकीकडं बघायचं सोडून सुमंत त्याच्या डाव्या हाताकडंच बघत होता. पडदा हलला. हातानं झटका दिला, आणि हात तिथंच अडला. कडी आधीच शेवटाला होती. तो तिला जुन्या, निकॉनच्या बाजूनं, आणखी पुढं लोटत होता. पुन्हा झटका. पुन्हा अडली. वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या, आणि शेषगिरीनं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेऊन त्या कडीकडे पाहिलं. त्या क्षणी त्यानं कॅमेरा खाली घेतलेला सुमंतनं कधी पाहिला नव्हता. लेकीच्या डोक्यावर गूळ-जिरं कधी ठेवलं गेलं, ते सुमंतनंही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुमंतनं माडीवर बसून कॅमेऱ्यातलं कार्ड उघडलं. अकरा फोटो. वेदश्रीचे डोळे, फार सुंदर. मग नवरदेवाचं कोपर. भटजींचा अर्धा कान. हवेत स्थिर झालेला तांदळाचा एक दाणा, अगदी स्पष्ट. मग सगळं पुसट.

त्यानं व्हिडिओवाल्या संतोषला फोन केला. संतोषचा कॅमेरा उजव्या बाजूला होता. त्याच्या व्हिडिओतली एक चौकट सुमंतनं उचलली. लेक होती, जावई होता, दोघांचे हात एकमेकांच्या डोक्यावर होते. आपण न पाहिलेलं ते दृश्य सुमंत खूप वेळ बघत राहिला. मग तिच्या गालांवर, केसांवर, शालूवर दोन तास काम केलं. बघणाऱ्याला तो फोटोच वाटावा इतकं.

डिजिटल आल्यानंतर स्टुडिओत एक रीत पडली होती. अंतरपाटाच्या पानावर तळाशी बारीक अक्षर घालायचं, ज्यानं टिपला त्याचं. 'सु' किंवा 'शे'. त्या जागेशी सुमंतचा हात थांबला. जागा रिकामी सोडली तर वेदश्री विचारणार. तिला सांगितलं तर ती काकांना काही म्हणणार नाही, फक्त गप्प होईल. आणि शेषूला ते कळेल, आणि हा त्याचा शेवटचा मांडव ठरेल. त्यानं 'शे' घातलं.

संध्याकाळी शेषगिरीचाच फोन आला.

"बघितलेस?"

"बघितले की. मस्त आलेत."

"गूळ-जिऱ्याचा?"

"तोही आला."

पलीकडं रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला.

"नीट बघितलास, सुम्या?"

"अरे, घेतलास तू आणि विचारतोस मला?"

"हं," शेषगिरी म्हणाला आणि फोन ठेवला.

अल्बम आला त्या दिवशी वेदश्री नवऱ्याला घेऊन माडीवर आली. शेषगिरीला तिनंच बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून आला, दारात वहाणा काढल्या. सुमंतनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर आशा होती. सुमंत म्हणतो म्हणजे एखादा आलाही असेल, आयत्या वेळी हातानं ऐकलं असेल, अशी. सुमंतला वाटत होतं, त्यानं पान लवकर उलटावं, एवढंच.

"काका, हा बघा की!" वेदश्रीनं मधलं पान उघडलं. "सासरी सगळे विचारतात कुणी काढला म्हणून. एवढा नेमका कसा हो धरला? मी सांगितलं, आमच्या शेषूकाकांचा हात आहे तो."

शेषगिरीनं खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, लावला. पानावर वाकला. आधी त्यानं वेदश्रीचा चेहरा पाहिला, मग नवरदेवाचा, मग हात. मग त्याचं बोट अक्षतांमधून हळूहळू डावीकडं गेलं, दोन फेट्यांच्या मधल्या फटीशी गेलं आणि थांबलं.

सुमंतनं तिथं पाहिलं. इतके दिवस त्यानं फक्त लेक पाहिली होती. चौकटीच्या कडेला नजर टाकली नव्हती. तिथं मागं, धुरकट, नखाएवढा, स्टीलच्या स्टुलावर एक माणूस उभा होता. कॅमेरा त्यानं छातीशी खाली घेतला होता आणि मान खाली घालून तो कॅमेऱ्याकडं बघत होता.

बोट तिथून निघालं आणि पानाच्या तळाशी आलं. 'शे'.

"आवडला ना, काका?" वेदश्री म्हणाली.

"शेषू," सुमंत म्हणाला.

शेषगिरीनं चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला. वेदश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तो सुमंतकडं बघेल असं वाटलं, पण त्यानं बघितलं नाही. दाराशी वाकून त्यानं वहाणा घातल्या, कठड्याला धरत माडीच्या पायऱ्या उतरला आणि कोप्पीकर रोडच्या गर्दीत निघून गेला.