पडद्यामागचं रान

हल्ली टीव्हीवर हवामानबदलाचे माहितीपट लागले की नातवंडं उठून जातात आणि मी चष्मा पुसून बसते. बर्फ वितळतो, समुद्र चढतो आणि सांगणारा असा आवाज लावतो, जणू त्याच्याच घरचं कुणी गेलंय. पण मोठं काम करतात ही माणसं, मला त्यांचं फार कौतुक आहे. अशाच एका फिल्मनं आमचं रान वाचवलं, आणि ती मी उलट्या बाजूनं पाहिली.

बहात्तरचा दुष्काळ. मी संगमनेरकडची, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन तिसगावच्या बाजूला कोरड्या गावात आले होते. आमचं रान डोंगराला लागून, सगळ्यात वर. दर पावसाळ्यात माती वाहून जायची, मुरूम उघडा पडत चालला होता. दुष्काळी कामातून उतारावर ताली, म्हणजे मातीचे बांध, घालायचं चाललं होतं. पण सुरुवात आमच्या रानापासून, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यासाठी पट्टाभर जमीन सोडायला तयार नव्हते. ते अडून बसले तर काम दुसऱ्या गावाला जाणार, आम्ही बाया सडकेवर खडी फोडणार आणि उरलीसुरली माती पुढच्या पावसात जाणार. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, त्यांना किती समजावलं! पालथ्या घड्यावर पाणी.

अशात सरकारची प्रचाराची गाडी आली. दिवेलागणीला देवळापुढं दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला. पुरुष पुढं बसले. सासऱ्या-दिरांसमोर बसायचं कसं, म्हणून आम्ही बाया पडद्याच्या मागं. चित्र तिकडूनही दिसतं, फक्त डाव्याचं उजवं होऊन.

फिल्ममध्ये बोडका डोंगर, खाली रान. पाऊस आला आणि बघता बघता माती धुपून चालली. आत्याबाईंनी माझा दंड धरला.

"अगं, हे तर आपलंच रान हाय! ह्यो डोंगर, ही घळ!"

"आत्याबाई, आपल्याला उलटं दिसतंय," मी कानात सांगितलं. मी सातवी शिकलेली, पडद्यावरची उलटी अक्षरं मला कळली होती.

"उलटं असंना का. रान आपलंच हाय."

फिल्म संपली तशा त्या उठल्या, पदर सावरला आणि थेट पुरुषांच्या बाजूला गेल्या. एरवी चारचौघांत नवऱ्याशी अवाक्षर न बोलणारी बाई!

"आपल्या रानाचा शिनेमा हाय. बघितला न्हाई का?"

"खुळी का काय? त्यो डोंगर त्या अंगाला, आपला ह्या अंगाला."

"मग आमच्याकडं येऊन बसा."

पुरुष खो खो हसले. त्या हसण्याचा राग येऊन मामंजी ताडकन उठले आणि खरंच आमच्या बाजूला आले. आम्ही पदर ओढून बाजूला सरकलो. गाडीवाला भला माणूस, त्यानं फिल्म पुन्हा लावली.

डोंगर दिसला, घळ दिसली. मामंजी खाली टेकले. पाणी रानात शिरलं, कडेची माती ढासळायला लागली, तसे ते उठले आणि पाट फुटल्यावर पाणी अडवायला हात लावतात तसा त्यांनी पडद्याला तळहात लावला. पलीकडून पुरुषांना पडद्यात पाच बोटं उमटलेली दिसली, असं माझ्या नवऱ्यानं नंतर सांगितलं. 

"सकाळी तालीच्या आखनीवाल्यास्नी बोलवा," मामंजी मागं न बघता म्हणाले. "आपल्या रानापासनं धरा म्हनावं."

माती वाहतच होती आणि त्यांचा हात काही खाली येईना. मग आत्याबाई पुढं झाल्या. सगळ्या बायांदेखत, सुनेदेखत त्यांनी तो हात पडद्यावरून काढला, आपल्या हातात घेतला आणि मामंजींना शेजारी बसवलं.