चुरमुऱ्यांनी तोललेला बिभीषणदादा

खर्ड्याच्या आसपास कुणाचंही लग्न असो, मंडप आमच्या बिभीषणदादाचा आणि पहिल्या पंगतीत पहिलं ताटही त्याचंच. माझा चुलतभाऊ. मनानं सोनं, पण डोक्यानं... जाऊ द्या! मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, पण ह्या माणसापुढं माझं रक्त आटतं.

मागं त्याला डेंग्यू झाला, तेव्हा मालनवहिनीनं देवीला नवस बोलला: माणूस उठला की त्याच्या वजनाइतका प्रसाद तोलून वाटीन. माणूस उठला. नुसता उठला नाही, चांगला फुगला. आता जत्रेत सगळ्या गावासमोर पारड्यात बसायचं म्हटल्यावर त्याला पोटाची लाज वाटायला लागली.

"आदिनाथा, गूळ न्हाई घ्यायचा," तो मला म्हणाला. "गूळ जड, मंग मानूसबी जड दिसतो. चुरमुरं घिऊ. हलकी वस्तू, हलका मानूस. दोन पोत्यात काम हुतंय."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "अरे दादा, वजन तेवढंच राहतं, जागा वाढते!" मी तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा डबा आणला, चुरमुऱ्यांनी भरला आणि त्यातला माल तोलून दाखवला. दीड किलो. "हे वजन, भागिले ही जागा. लिटरला शंभर ग्रॅम. ह्याला घनता म्हणतात. हाच डबा गुळानं ठासून भरला तर वीस किलोच्या घरात जाईल. तू शहाण्णव किलोचा. म्हणजे चुरमुऱ्याचे चौसष्ट डबे लागतील!"

"येडा हायेस का? डब्यानं कोन तोलतंय? काट्यानं तोलायचंय," म्हणत त्यानं माझ्यावरच डोळे वटारले. घ्या! मी गुपचूप जामखेडच्या गनीभाई भट्टीवाल्यांना फोन लावला आणि दोनाच्या जागी अकरा पोती सांगितली.

जत्रेत देवळापुढच्या चिंचेला काटा टांगला. गनीभाई स्वतः पोती घेऊन आले होते. एका पारड्यात दादा, दुसऱ्यात चुरमुरे. दोन पोती चढली. काटा हललासुद्धा नाही. चार झाली, सहा झाली. पोती दोरीनं बांधून एकावर एक रचली, ढीग फांदीला टेकायला आला, तरी दादा जमिनीलाच. सगळी जत्रा पोट धरून हसत होती. कुणीतरी ओरडलं, "गनीभाई, भट्टी इझवू नका!"

दादाचा चेहरा पार उतरला. "बास झालं. उतरतो मी," म्हणत त्यानं एक पाय खाली टाकला. तो उतरला की नवस अर्धवट, आणि वहिनीचा सगळा जीव त्या नवसात.

मालनवहिनी पुढं झाली. डोळ्यांना धार लागलेली.

"हसा, खुशाल हसा! तापात चादरीखाली मानूस हाय का न्हाई, कळत न्हवतं. हात लावून बघायची मी. आता बघा, केवढा वाचलाय माझा!"

दादानं खाली टाकलेला पाय वर घेतला, मांडी घालून ऐसपैस बसला आणि खेकसला, "गनीभाई, बघत काय हुबं ऱ्हायलाय? आना की ऱ्हायलेली पोती!"