मालिकेतला खलाशी

मालिकेतला खलाशी बुडून पंधरवडा झाला, तरी नेरेइदा शेजारणींना ठणकावून सांगत होती, "तो मरायचा नाही गं! येतोच बघा परत."

जाळं सांधत बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, एर्मिनिओच्या अंगाचा तिळपापड झाला. तरुणपणी होडी उलटून तोही फळीला बिलगून होंडुरासच्या समुद्रात तरंगला होता. अकराव्या दिवशी धडपडत घरी पोचला, तर त्याच्याच नावाने मेलेल्यासाठीची नऊ दिवसांची प्रार्थना आटोपून बायका कॉफीत पाव बुडवत होत्या.

"याच्या प्रार्थनेला कधी बसतेस?" त्याने विचारलं.

"अभद्र बोलू नका!" ती खेकसली.

"त्या मेल्याची पंधरा दिवस वाट बघतेस. माझ्यासाठी मात्र तिसऱ्याच दिवशी माळ ओढायला बसलीस!"