मथुराकाकीची पिशवी

आमच्या मथुराकाकीचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. बांगडे घेताना ती एकेकाचे कल्ले उघडून बघायची, आणि पालीच्या पाटीची एसटी पालीलाच जाते ना, हे कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारायची.

अशी बाई एकदाच गप्प बसली. चौऱ्याऐंशी साली तिचं पोट दुखायला लागलं आणि रत्नागिरीतल्या एका डॉक्टरने पिशवी काढायला सांगितलं. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवीच म्हणतात, म्हणून की काय, बाजाराची फाटकी पिशवी टाकावी तशी ती काढलीही जाते. काढलेली पिशवी घरच्या माणसांना दाखवायची पद्धत होती. काका मुंबईला गिरणीत, म्हणून काकीने स्वतःच ती बघायला मागितली. त्यात काय बघायचंय, म्हणत डॉक्टर निघून गेला. हे तिच्या मनात कायमचं राहिलं.

चार वर्षांनी तिची सून दमयंती त्याच डॉक्टरकडे गेली. पाळीत पोट दुखायचं, एवढंच. आता त्याच्याकडे टीव्हीवर पोट दाखवणारं नवं मशीन आलं होतं. पिशवीला सूज आहे, काढून टाका, असं त्याने सांगितलं. दमयंतीला एकच मुलगी, दुसरं मूल हवं होतं. ती रडत घरी आली. तिचा नवरा महिपत म्हणाला, एवढा शिकलेला माणूस उगाच सांगेल का?

ऑपरेशनच्या दिवशी काकी सुनेबरोबर गेली. माझंही पोट दुखतं, आधी माझं बघा, म्हणून टेबलावर आडवी झाली. पोटावरचा वण उघडा होता, पण डॉक्टरचं सगळं लक्ष टीव्हीत.

"मावशी, तुमच्याही पिशवीला सूज आहे. काढावी लागेल."

काकी उठून बसली, पदर सावरला.

"मंग तवा तुमी माजं काय काडलंत?"

डॉक्टर मशीन नवीन असल्याचं काहीतरी पुटपुटला. काकीने सुनेचं मनगट धरलं आणि सरळ स्टँड गाठला.

पुढच्या वर्षी दमयंतीला मुलगा झाला. काकीने गावभर पेढे वाटले. मला मात्र त्या डॉक्टरची अजून चीड येते. तो तेव्हा खोटं बोलला की आता, हे काकीला कधीच कळलं नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे बघून घे, असं मी सुचवलं, तर पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "आनि तो तरी खरा बोलंल कशावरनं?"