उसाच्या फडावरची मिस्सा

माझी धाकटी जाऊ दैवशाला, तिच्या नादाला लागू नका. मी लागून बघितलंय. अणदूरच्या पुढं आमची वाडी. तिथल्या चर्चची झाडलोट, रविवारची घंटा, पोरांना प्रार्थना शिकवणं, सगळं वीस वर्षं तिच्याच अंगावर. किती फादर आले न् बदलून गेले, ही हाय तिथंच.

गेल्या डिसेंबरात बिशपसाहेबांनी दोन माणसं पाठवली. फादर कमी पडायलेत, तवा कुठलं धर्मग्राम, म्हंजे एका फादरच्या हाताखालची मंडळी, ठेवायचं न् कुठलं दुसऱ्यात घालायचं, ते ठरवायचं होतं. त्यांनी तीन रविवार मिस्सेला, म्हंजे फादरच्या मोठ्या प्रार्थनेला, बसून माणसं मोजली. एकोणीस भरली. म्हातारी सगळी, त्यात मी न् दैवशाला. झालं, चिठ्ठी आली: जूनपासून वाडी शहराच्या धर्मग्रामात, फादर तिकडंच राहणार.

मला रडूच फुटलं. माझं लग्न इथं, पोरांचे बाप्तिस्मे इथं, मालकांची माती इथंच. दैवशाला मात्र तापली. डिसेंबरात कुणी मोजतंय का? दिवाळी झाली की आमची वस्ती कोयते घेऊन ढोकीकडं ऊस तोडायला जाते, वाडीत चिटपाखरू नसतंय.

तिनं अर्ज केला न्हाय, का कुणाच्या पाया पडली न्हाय. सरळ बिशपसाहेबांना फोन लावला, म्हणाली फडावर मिस्सा करायला या. म्या म्हटलं, येतायत कशाला! आले की. भरदुपारी, भाकरी सोडायच्या वेळेला. मुकादम उत्तरेश्वर आमच्या धर्माचा न्हाय, पण त्यानं टोळीला तासभर मोकळं केलं, ट्रॉलीचा फाळका पाडून वर धुतलेली चादर टाकून वेदी केली. पाचटातनं बायामाणसं लेकरं काखेला मारून येतच राहिली.

दैवशाला साहेबांना म्हणाली, "आता मोजा."

दोनशे अकरा भरली.

वाडीचं धर्मग्राम राहिलं. पण नवा कायदा असा, की दिवाळी ते गुढीपाडवा फादर फडावर राहणार, बाकीचे महिने वाडीत. म्हंजे आमी म्हातारी पाच महिने बिनफादरची! म्या जावेला लई बोलले. दोनशे लोकांसाठी आमाला वाऱ्यावर सोडलंस म्हटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग चर्चची किल्ली माझ्या हातात ठेवली. "बाई, फडावरच्या पोरांना शिकवायला मी फादरसंगं चालले. रविवारची प्रार्थना तुम्ही घ्या."

मला वाचता येत न्हाय, म्या म्हटलं.

"वीस वर्षं माझ्या चुका काढताय. तुम्हाला सगळं पाठ हाय."

यंदा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी म्या घंटा ओढली. गुडघा ठणकत होता, आवाज मात्र खणखणीत निघाला. प्रार्थना म्या सांगितली, कुठं अडले न्हाय. मोजली तर अठरा माणसं होती. पुढच्या बाकावर दैवशालाची जागा रिकामी होती. तिथं म्या कुणाला बसू दिलं न्हाय.