बेकरीचं सर्टिफिकेट

जासईच्या पुतळाबाईंना वाचता येत नव्हतं, पण कागदावर त्यांचा भारी जीव. का नसावा? गावच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि मोबदल्यात साडेबारा टक्के जमिनीचे भूखंड परत वाटले, तेव्हा ज्यांच्याकडे जुने कागद होते त्यांचे चार-चार मजले चढले. पुतळाबाईंच्या सासऱ्यांचे कागद उंदरांनी खाल्ले होते. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद त्या लॅमिनेट करून ठेवत. लसीकरणाचं कार्ड, गॅसचं पुस्तक, अगदी शेजारच्या साखरपुड्याची पत्रिकासुद्धा.

त्यांचा मुलगा कान्हा बेलापुरातल्या एका बंद दुकानातून तांब्याची वायर उचलताना सापडला आणि खटल्यात दोषी ठरला. शिक्षा तेवढी ठरायची राहिली होती. त्याच्या वकील सुचिता मॅडमनी पुतळाबाईंना कोर्टाच्या आवारात बाजूला घेतलं.

"मावशी, पहिलाच गुन्हा धरला तर चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडतील. पण आधीची शिक्षा सिद्ध झाली, मग ती कुठल्याही राज्यातली असो, की आत जावं लागेल. सरकारी वकील म्हणतात, गुजरातमध्ये काहीतरी आहे. आठ महिने झाले, तिकडून कागद काही येत नाही."

"गुजरातला माजा पोरगा बेकरीन कामाला व्हता!" पुतळाबाई ठणकावून म्हणाल्या.

जामिनावर सुटलेला कान्हा शेजारीच उभा होता, तो चपलेकडे बघत राहिला. दीड वर्षाने वापीहून परतल्यावर त्याने आईला एवढंच सांगितलं होतं, आणि वकिलांना तर तेवढंही नाही.

"मग मुलगा चांगला आहे असं दाखवणारं जे काही घरात असेल ते आणा," मॅडम म्हणाल्या.

हे पुतळाबाईंना सांगायचं! तारखेला त्या जाडजूड पिशवी घेऊन हजर झाल्या. अंडरआर्म क्रिकेटच्या 'उत्कृष्ट गोलंदाजा'पासून रक्तदानापर्यंत सतरा कागद, सगळे चकचकीत. तेवढ्यात पुकारा झाला आणि मॅडमनी गठ्ठा न चाळताच पुढे केला. शिकल्यासवरल्या वकिलाने असं करू नये, पण लॅमिनेशनवर कुणाचाही चटकन विश्वास बसतो.

न्यायाधीश एकेक कागद बघत गेले. सतराव्यावर थांबले.

"हे गुजरातीत आहे."

पुतळाबाई मागच्या बाकावरून उठल्याच. "साहेब, त्यो बेकरीचा हाय. पाव, खारी, नानकटाई, सगला शिकलाय माजा पोर. पयला नंबर हाय त्याचा!"

पिंजऱ्यात उभ्या कान्हाने मान वर केली. कशीही खूण करून तो आईला थांबवू शकला असता. पण भरल्या कोर्टात आई त्याचं कौतुक करत होती, आणि असं आजवर कधी घडलंच नव्हतं. त्याला ते मोडवेना.

सरकारी वकिलांचं बालपण घाटकोपरात गुजराती शेजाऱ्यांत गेलेलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि मोठ्या प्रेमाने वाचून दाखवला. जिल्हा कारागृहाच्या बेकरी विभागात उत्तम काम केल्याबद्दल. खाली कैदी क्रमांक. आठ महिने दोन राज्यांची पत्रापत्री ज्या आकड्यावाचून अडली होती, तो पुतळाबाईंनी डाग न पडू देता जपला होता. पुढच्या तारखेला तिकडच्या निकालाची सही-शिक्क्याची प्रत आली. तीही चोरीचीच. बाँडचं नाव मग कुणी काढलं नाही. कान्हाला दीड वर्षाची शिक्षा झाली.

पोराला आपल्याच हाताने आत घातलं, हे पुतळाबाईंना घास गिळू देईना. शेजारणी म्हणत, तुला काय ठाऊक होतं? ते खरंच होतं, पण त्याने घास काही उतरत नव्हता.

पहिल्या भेटीला त्या तुरुंगात गेल्या तेव्हा कान्हाच जाळीपलीकडून हसला.

"आय, रडू नको. हितं पन बेकरी हाय. नीट काम केला तं सर्टिफिकेट देतान."

आईला यापेक्षा मोठी खूशखबर काय द्यायची, त्याला कळत नव्हतं. पुतळाबाईंनी पदराने डोळे पुसले. जन्मात त्यांनी एकाही कागदाला नको म्हटलं नव्हतं.

"काम कर, बाला," त्या म्हणाल्या. "पन कागुद घेव नको."